सात वल्ह्यांवर पुरलेलं

मला लोकांच्या गोष्टींत खोट काढायची सवय आहे. लग्नाच्या पंगतीत कुणी म्हणालं, अमक्या गढीतलं भुयार थेट दौलताबादला निघतं, की माझा घास हातातच राहतो. "कोण गेलं होतं त्या भुयारातून?" असं मी विचारते आणि शेजारची बाई आपलं ताट जरा पलीकडे ओढते. नवरा म्हणतो, तुला जेवायला नेणं म्हणजे चौकशी समिती बरोबर नेणं. तो बियाण्याच्या कंपनीत आहे. तिथे उगवण तपासल्याशिवाय पाकिटावर काही छापत नाहीत, तेव्हा खरं तर त्यानं मला समजून घ्यायला हवं. मी जालन्यात एका शाळेत इतिहास शिकवते आणि शिकवून शिकवून आवाज बसला तरी ही खोड काही जात नाही.

यंदाच्या गॅदरिंगला नववीच्या मुलींनी समुद्री लुटारूंचा नाच बसवला. डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार, एकीच्या खांद्यावर टाचणीनं टोचलेला हिरव्या लोकरीचा पोपट. समुद्र त्यांच्यातल्या दोघींनीच पाहिला होता, तोही गणपतीपुळ्याच्या सहलीत. नाच छान झाला, टाळ्या पडल्या, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सोमवारी वर्गावर गेले आणि फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'ऐकीव', दुसऱ्या बाजूला 'पुरावा'.

तास रंगला. डोळ्यावरची पट्टी ऐकीवमध्ये गेली. पोपटही गेला. कैद्याला फळीवरून चालवत पाण्यात ढकलणं ऐकीवमध्ये गेलं, कारण तसं घडल्याची नोंद जवळपास सापडतच नाही. पुराव्याच्या बाजूला जे आलं ते ऐकून मुली चाट पडल्या. काही जहाजांवर हे लोक आपला कप्तान मतं घेऊन निवडायचे, लढाईत कुणाचा हात-पाय गेला तर भरपाई काय द्यायची हे आधीच ठरवून ठेवायचे. आणि लुटायचे काय, तर बहुतेक वेळा कापड, साखर, दोरखंड, औषधाच्या पेट्या. मी त्यांना हेही सांगितलं, की आपल्या कोकणच्या आरमाराच्या सरखेलाला इंग्रजांच्या कागदांत लुटारू म्हटलंय आणि आपण त्याला शूर म्हणतो, तेव्हा कागद कुणी लिहिला हे आधी विचारायचं. मागच्या बाकावरून एकीनं हात वर केला. "मंग मॅडम, खजिना? पुरलेला?"

"पुरायला आधी उरावा लागतो," मी म्हणाले. "बंदर आलं की हे लोक सगळं विकून, उडवून मोकळे व्हायचे. एखाद्यानं पुरलं असेल, पण बाकीचे सगळे खजिने नंतर गोष्टी लिहिणाऱ्यांनी पुरलेत."

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं, की शिक्षक खोलीत चहा पिताना मी ते आणखी दोघींना ऐकवलं.

त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर दादानं यूट्यूबवरचा एक व्हिडिओ टाकला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शहागडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठी आमचं गाव. तिथे तो आणि वहिनी राहतात. मोसंबीची बाग, थोडी कपाशी, दोन म्हशी. मुली लग्न होऊन गेल्या. साठी आली तरी दादा दिवसभर शेतात असतो आणि ग्रुपवर 'शुभ सकाळ' सोडून काही टाकत नाही. म्हणून मी कणीक मळता मळता लगेच व्हिडिओ लावला.

ढोल वाजत होता. एक अनोळखी माणूस आमच्या नदीकडे हात करून घोगऱ्या आवाजात सांगत होता. गोदामाईच्या पाण्यावर निजामाच्या खजिन्याची नाव लुटणारा एकाक्ष वाघ. डावा डोळा गेलेला, त्यावर काळं फडकं बांधलेलं. लुटलेलं धन त्यानं नाव बांधायच्या धोंड्यापासून उगवतीला सात वल्ही मोजून पुरलं आणि राखण करायला आपल्याच एका साथीदाराला तिथे गाडलं. मग पडद्यावर आमचा दादा दिसला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, धोंड्यावर हात ठेवून उभा. खाली लिहिलं होतं, 'वाघाचे वंशज'.

पिठाच्या हातानंच मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. 'उगवतीला सात वल्ही' हे शब्द माझे होते.

मी कॉलेजात असताना जालन्यात एक साप्ताहिक निघायचं. ते बंद पडूनही आता जमाना झाला. त्यांना दिवाळीच्या अंकात पानं भरायची होती आणि संपादकांना कुणीतरी सांगितलं, की ही मुलगी नदीकाठची आहे, इतिहास घेतलाय. माझ्याकडे देण्यासारखं होतं काय, तर बाबांचं एक वाक्य. "आपल्यातला एक जण नाव चालवायचा, आन् मधोमध नेऊन लोकायला लुटायचा." कधी, कोण, पुढे त्याचं काय झालं, असं मी बाबांना विचारलं होतं. "मला काय म्हाईत," म्हणून ते बैलं सोडायला निघून गेले होते. एवढ्यावर मी दोन पानं लिहून नेली. संपादकांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "जरा रंगवा."

मी रंगवलं. कॉलेजच्या लायब्ररीत समुद्री लुटारूंवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, चित्रांचं. त्यातून डोळ्यावरची पट्टी घेतली, पुरलेली पेटी घेतली, राखणीला गाडलेला माणूस घेतला. पोपट तेवढा सोडला, कारण आमच्याकडे पोपट आला की लोक गोफण घेऊन धावतात. वल्ह्याचं माप मात्र अस्सल माझं होतं आणि त्याचा मला फार अभिमान वाटला होता. अंक आला तेव्हा मी बसस्टँडवर उभ्या उभ्या स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा घडी उलगडून वाचलं. पुढे खरा इतिहास शिकले, कागद कसा वाचायचा ते शिकले, आणि तो लेख आठवला की कान गरम व्हायला लागले. म्हणून मी तो आठवूच देत नव्हते.

म्हणजे समुद्रावरही जे कुणी फारसं केलं नाही, ते मी उचलून गोदावरीत आणलं होतं. आणि गोदावरी तरी कशी, तर बंधारा व्हायच्या आधी उन्हाळ्यात आमच्या म्हशी चालत पलीकडे बीडच्या हद्दीत जायच्या.

नवऱ्याला सांगितलं तर तो खोखो हसला. "मग कळव की तुझ्या भावाला. समितीचंच काम आहे," म्हणाला. मी ग्रुपवर 'हे सगळं खोटं आहे' असं लिहिलं आणि पाठवायच्या आत पुसून टाकलं. व्हिडिओखाली चुलत्यांनी हात जोडले होते, भाच्यांनी भगवे झेंडे टाकले होते. एक जण म्हणत होता, आपलं रक्तच वेगळं. पुढचे आठ दिवस मी येता-जाता फोन उघडून बघत होते, आणि बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता. वर्गात फळ्यावर रेघ मारायला हात उचलला, की मला आपण पकडले गेलो असं वाटायचं. एके दिवशी तर मी खडू ठेवून मुलींना स्वाध्याय लिहायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मग मधल्या सुट्टीत वहिनींचा फोन आला. वहिनी कधी शाळेच्या वेळात फोन करत नाहीत.

"वन्सं, तुमी एकदा येऊन जा."

"काय झालं?"

"ह्यांनी शोषखड्डा घेतलाय खंदायला."

"मग चांगलंच आहे. ग्रामपंचायत मागेच लागली होती ना?"

"बारा फूट शोषखड्डा असतो का वन्सं?" त्या आवाज दाबून बोलत होत्या. "नदीपलीकडचा एक बाबा आल्ता. त्यानं कुणाच्या तरी घरून जुनं वल्हं आणवलं, दोरीनं मापलं. सात मापं टाकली तर आमच्या गोठ्यात आन् स्वैपाकघराच्या मधी आली. तवापासून खंदू राह्यलेत. कुणाला खाली उतरू देत न्हाईत, सोताच उतरतेत. भिंतीला भेग गेली हो. बोट जाईल एवढी. म्या चूल गोठ्यात नेलीय."

मला ती माती माहीत आहे. नदीनं आणून टाकलेला गाळ, वरून घट्ट आणि आतून पिठासारखा. लहानपणी शेजारच्या मळ्यात अशाच मातीत विहिरीची दरड बसली होती आणि खाली असलेली दोन माणसं वर आली नाहीत. त्यांच्या चपला काठावर तशाच होत्या, त्या मी पाहिल्या होत्या. मी फोन ठेवला. दादा त्या मातीत मेला, तर त्याला मी मारलेलं असेल, एवढं मला स्वच्छ कळलं.

रविवारी सकाळी अंबडची बस धरली, पुढे शहागड. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होते. दादा हायवेवर मोटारसायकल घेऊन उभा होता, मिशा कातरलेल्या, तोच इस्त्रीचा सदरा. टपरीवाल्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसली. "वंशज हायेत हे, वंशज," असं तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता आणि दादा खाली बघून हसत होता. आयुष्यभर त्याला कुणी खुर्ची पुसून दिलेली मी पाहिली नव्हती. माझी अर्धी वाक्यं तिथेच विरघळली.

घरी गेल्या गेल्या मी मागे गेले. खड्ड्यावर पत्रे टाकले होते. ते सरकवल्यावर शिडीची वरची टोकं दिसली, खालची दिसली नाहीत. उकरलेल्या मातीचा ढीग गोठ्याच्या छपराला लागला होता. भिंतीची भेग मी बोट घालून पाहिली. पेर आत गेलं.

"दादा, हे बंद कर."

"शोषखड्डा हाय."

"दादा."

तो हसला, ढिगावर बसला, मलाही बसायला हातानं खुणावलं. "तुझ्यापासून काय लपवायचं. तूच तर शोधून काढलं."

मग मी सांगितलं. डोळा मी फोडला. खजिना मी पुरला. सात वल्ही मी मोजली. राखणीचा माणूस मी गाडला. एका इंग्रजी पुस्तकातून उचललं, आणि त्या पुस्तकातलंही बरंचसं खरं नव्हतं. खरे लुटारूसुद्धा धन पुरून ठेवत नव्हते. आपल्या त्या माणसानं बाजाराला निघालेल्या लोकांना लुटलं असेल तर मिळालं असेल काय, गूळ, लुगडं, मीठ. "गूळ कुणी पुरून ठेवतं का दादा?"

"गूळ पुरत न्हाईत हे मलाबी कळतं," तो म्हणाला.

तो उठून घरात गेला. मला वाटलं, पटलं. वहिनी दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. दादा परत आला तेव्हा त्याच्या हातात माझा लेख होता, प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेला, कोपरे पिवळे पडलेले. माझ्याकडेसुद्धा त्याची प्रत नव्हती.

"हे प्लास्टिक मारायला मी खास जालन्याला आल्तो," तो म्हणाला. "आख्ख्या घराण्यात छापून आलेलं नाव तुझंच. ट्रंकेत ठिवलं व्हतं. त्या व्हिडिओवाल्याला बी म्याच दाखवलं." त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. त्याला चष्म्याशिवाय ती दिसत नव्हती, पण जागा पाठ होती. "हितं लिव्हलंय, गावातल्या जाणत्या लोकांच्या सांगण्यावरून. कोण जाणते?"

"कुणीच नाही. लेखात तसं लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं."

तो खड्ड्याकडे बघत होता, मग कागदाकडे. "म्हंजी तवा तू खोटं लिव्हलं, का आता खोटं बोलू राह्यली?"

"तेव्हा लिहिलं."

"तवा तुला काय फायदा व्हता?"

"छापून येणार होतं."

"आन् आता?"

मला प्रश्न कळला नाही. वहिनींना कळला असावा, कारण त्या आत गेल्या. दादा कागदावरची माती फुंकत म्हणाला, "सातबाऱ्यावर तुझं नाव अजून हाय."

हे मला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे वडील गेले, की बहिणी भावाच्या नावानं हक्कसोड करून देतात. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही, एक दिवस रजिस्ट्री ऑफिसात जाऊन सही करायची, भाऊ साडी देतो आणि माहेरचा दरवाजा उघडा राहतो. बाबा गेले तेव्हा जमिनीवर आम्हा दोघांची नावं लागली. दादानं मला सही कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही. वर्गात मुलींना मी कायदा सांगायची, तुमचाही हक्क आहे म्हणायची, आणि आमच्या घरात यावरून एक शब्द झाला नाही याचा मला अभिमान होता. आता दादानं सगळ्या गोष्टी जोडल्या होत्या. बहीण शिकलेली. बहिणीनंच जागा शोधलेली. सही अजून न दिलेली. आणि सोनं हाताशी आलं तेव्हा धावत येऊन म्हणते, थांब.

"हिस्सा पाहिजे तर सरळ बोल," तो म्हणाला. रागानं नाही, समजुतीनं, आणि तेच मला जास्त लागलं. "निम्मं देतो. पण मला येड्यात काढू नको, माय."

मग माझं डोकं फिरलं. निम्मं कशाचं, मातीचं, असं मी ओरडले. घर अंगावर पाडून घे, बायकोला गाड, तीच बसेल तुझ्या खजिन्यावर राखण करत, असंही म्हणाले. हे शेवटचं बोलायला नको होतं. वहिनींनी ताट वाढलं होतं, ते मी पाहिलंही नाही. माहेरहून उपाशी निघायची माझी पहिली वेळ. त्यांनी पिशवीत मोसंबी भरून दिली आणि दादानं मला हायवेवर सोडलं. मोटारसायकल वळवताना तो एवढंच म्हणाला, "खाली वल लागलीय. आता लांब न्हाई."

पुढचा आठवडा मी कशी होते ते माझ्या नवऱ्याला विचारा. भाजीत मीठ दोनदा पडलं. पेपर तपासताना एकीला शंभरापैकी एकशे चार दिले. पोलिसांत सांगावं असं मनात आलं. धनासाठी खोदतोय म्हटलं तर ते येतीलही, पण भावाच्या दारात गाडी उभी करायची कशी? त्यात एक गोष्ट मला सुचली आणि मी ती सगळ्या बाजूंनी तपासून पाहिली. मी सही दिली नाही, तर दादाच्या लेखी तिथे सोनं आहे याचा तोच पुरावा. मी सही दिली, तर? सोनं आहे हे ठाऊक असताना कुठली बाई सही देईल?

फोन केला. "हक्कसोड करून देते," मी म्हणाले. "आधी खड्डा बुजव."

"बिलकुल? समदं?"

"सगळं. गोठा, घर, धोंडा. असतं काही तिथे, तर दिलं असतं का?"

तो विचार करत होता. "हे मातर बराबर हाय," तो शेवटी म्हणाला. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकण्याला जे जमलं नाही ते एका सहीच्या नुसत्या कबुलीनं जमलं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी फोटो पाठवला. खड्डा काठोकाठ भरलेला, वरून पाणी मारून तुडवलेला आणि त्यावर म्हैस बांधलेली. मी तो फोटो नवऱ्याला दाखवला, शेजारणीला दाखवला आणि त्या रात्री गाढ झोपले.

पुढच्या सोमवारी आम्ही अंबडला भेटलो. साक्षीला माझा नवरा आणि गावातला एक जण. दादा माझ्यासाठी मोरपंखी साडी घेऊन आला होता. चेहरा उतरलेला, पण मोकळा. ऑफिसच्या बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "सुटलो एकदाचा. कंबर गेल्ती माझी." थोड्या वेळानं विचारलं, "मंग त्याचा डोळा बी गेला न्हवता?"

"नसेल. दोन्ही असतील."

"बरं झालं बिचाऱ्याचं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी हसलो होतो. मला तेव्हा वाटलं, मिटलं. आणि वाईटही वाटलं. खुर्ची पुसून मिळायची ती आता मिळणार नव्हती, आणि तरी तो माझ्याशी चांगला वागत होता.

आत बोलावलं. फोटो झाला, अंगठा झाला. कारकुनानं कागद पुढे सरकवले. "मॅडम, परतेक पानावर." मी पर्स चाचपायच्या आधीच दादानं आपलं पेन दिलं. पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्यावर केली. तिसऱ्या पानावर जमिनीच्या चारही हद्दी लिहिल्या होत्या. दक्षिणेस गोदावरी नदी. पूर्वेस अमक्याचं शेत. 'पूर्वेस' हा शब्द मी वाचला आणि माझा हात थांबला.

का थांबला, यावर मी पुष्कळ विचार केलाय. बाबांची जमीन होती, शेवटची सही होती, कुठल्याही लेकीचा हात थांबेल, असं मी सांगू शकते आणि ऐकणाऱ्याला पटेल. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते वेगळंच. डोळा माझा, वल्ही माझी, पण तो माणूस माझा नव्हता. तो बाबांनी सांगितला होता. त्यानं लुटलं होतं. लुटलेलं कुठेतरी ठेवलं असेलच. आणि मी बाबांना विचारलं होतं, त्याचं पुढे काय झालं, तेव्हा 'मला काय म्हाईत' म्हणण्याआधी बाबांनी एकदा गोठ्याकडे पाहिलं होतं. पाहिलं होतं का? मला ते अगदी स्पष्ट दिसत होतं. त्यांची मान, वळलेला पटका, गोठ्याचं दार. हे तेव्हा घडलं होतं की त्या टेबलाशी उभी असताना मी रंगवलं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"मॅडम?" कारकून म्हणाला.

मी सही केली. मान वर केली तेव्हा दादा माझ्या हाताकडे बघत होता.

बसस्टँडवर त्यानं आम्हाला उसाचा रस पाजला. माझी बस लागल्यावर पिशवी वर देत, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तिसऱ्या पानावर कामून थांबली व्हतीस?"

"पेन चालत नव्हतं," मी म्हणाले.

पेन त्याचंच होतं, ते त्याच्या खिशाला लावलेलं मला दिसत होतं. "हं," म्हणून तो बाजूला झाला आणि बस निघेपर्यंत तिथेच उभा राहिला.

दहा-बारा दिवस गेले असतील. दुपारी घरी पेपर तपासत बसले होते, तेव्हा वहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, पण बोलता बोलता थांबत होत्या.

"परत काढलाय वन्सं. माती भुसभुशीत, त्यामुळं जल्दी खाली गेलेत. पयल्यापेक्षा खोल. म्या म्हणलं, वन्संनी सही दिली ना, मंग आता काय? तर म्हणतेत, तिचा हात थांबला व्हता. म्या डोळ्यानं पाह्यलं म्हणतेत." मागे टिकावाचा आवाज येत होता, दबका, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. "भेगेत आता आख्खा पंजा जातोय. काल पलीकडून उजेड दिसला मला भिंतीतून."

मला म्हणायचं होतं, घराबाहेर पडा आधी. मला म्हणायचं होतं, दादाला वर बोलवा, फोन द्या त्याला, मी आत्ता निघते, खरं सांगते, माझ्या लेकराची शपथ घेऊन सांगते. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलं.

"खाली काही लागलं का?" मी विचारलं.

टिकाव दोनदा पडला, तिसऱ्यांदा पडला.

"तुमी बी, वन्सं?" त्या म्हणाल्या.